कोरेगाव पार्काची ओटी

कोरेगाव पार्क म्हणलं की आमच्या हिंगोलीकडच्या हट्टा गावातल्या बायका हमखास विचारायच्या, "पार्क म्हणजे बगीचाच ना वं? मग तुझी पोरगी बगीच्यात राहती काय?" मी म्हणायची, राहती म्हणा. झाडं तर लई हाईत तिथं. आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या त्या भागात मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. हे काही माणसांनी राहायचं ठिकाण नाही, कुणीतरी नुसतं बघायला म्हणून करून ठेवलंय.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. आमची पोरगी हिंगोलीला शिवणकाम शिकली, तिथून मैत्रिणीच्या नादानं पुण्याला गेली, काही वर्षं कपड्याच्या कारखान्यात राबली आणि मग एक दिवस फोनवर म्हणाली, माय, मी स्वतःचं दुकान टाकलं. कुठं, तर कोरेगाव पार्कात. एका बंगल्याच्या गॅरेजात, म्हणजे जिथं मोटार उभी करतात तिथं. आमच्या मालकांना ते ऐकून काही सुचेना. मेंढरं-शेळ्या राखणारा माणूस तो, जोडीला थोडी जमीन. म्हणाले, "मोटारीच्या खोलीत पोरगी बसवली?"

सुरुवातीला ती हौसेनं फोन करायची. पुढं पुढं आवाज बारीक व्हायला लागला. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं की गिऱ्हाईक येऊन नाही राहिलं. झालं. मालकांनी तेवढंच धरलं. औंढ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, पोरगा नोकरीचा, माणसं घाई करून राहिली होती. मालक मला म्हणाले, "तू जा आन् अखाजीच्या आत तिला घेऊन ये. दुकान चालून नाही राहिलं तर तिथं बसून काय माशा मारायच्या?"

मी हो म्हणले. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तिला वेळ होता. मलाही पोरगी जवळच हवी होती. आईला दुसरं काय पाहिजे असतं?

आता परक्या गावी जायचं तर बाईनं रिकाम्या हातानं जायचं नसतं. मी पेटी उघडली आणि खण काढले. आमच्याकडची रीत अशी, की घरी आलेली बाई जायला निघाली की तिची ओटी भरायची. कपाळाला हळद-कुंकू, पदरात मूठभर तांदूळ, सुपारी, घरचं हळकुंड आणि वर एक खण, म्हणजे ब्लाउजचं कापड. तो खण काही कुणी शिवत नाही. कधी आखूड असतो, कधी रंग जातो, कधी अस्तरासारखा पातळ. घेतलेली बाई तो पेटीत टाकते आणि पुढच्या बाईच्या ओटीत घालते. माझ्या नणंदेला दिलेला एक पोपटी खण चार गावं फिरून माझ्याच ओटीत परत आला होता. कोपऱ्यावर हळदीचा डाग तसाच, म्हणून ओळखू आला. अशा खणांनी प्रत्येकीची पेटी भरलेली असते. माझ्या पेटीचं तर झाकणच लागेना. अर्धी रिकामी करून गाठोडं बांधलं. मनात म्हणलं, निघताना घरमालकिणीची ओटी भरू, शेजारणींची भरू, आणि पोरीला घेऊन गावाकडं.

वसमतहून पुण्याची गाडी धरली. सकाळी पोरगी स्टँडवर घ्यायला आली होती. केस खांद्यापर्यंत कापलेले. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "बोल ना काय बोलायचं ते." मी म्हणलं, "धुवायला सोपे पडत असतील." तशी ती हसली आणि गळ्यात पडली.

रिक्षा नदी, मग रेल्वे स्टेशन मागं टाकून पुढं गेली आणि एकदम आवाजच बंद झाला. कानात कुणी बोळे घातल्यासारखं. दोन्ही बाजूंनी मोठाले वड. इतके वड एका जागी मी कधी पाहिले नव्हते. पण एकाही वडाला पार नाही! आमच्याकडं वड म्हणलं की खाली चार माणसं बसलेली असणारच. इथं वडाखाली मोटारी बसलेल्या. गल्लीला नाव नाही, नंबर. घरांच्या भिंती माणसाहून उंच, आणि फाटकावर घराच्या मालकाचं नाव बारीक, कुत्र्यापासून सावध राहा हे मोठं. कुत्र्यांना फिरवायला नोकर. त्या गल्लीत मला पुढं सगळ्या कुत्र्यांची नावं कळली, त्यांच्या मालकांची कळली नाहीत.

आणि दुकानं! हिंगोलीच्या कापडाच्या दुकानात गेलं की दुकानदार पांढऱ्या गादीवर ठाणांचा ढीग घालतो, "ताई, हे बघा, ते बघा" करून अर्धं दुकान खाली उतरवतो, आणि आपण नाक मुरडून पहिलंच घेतो. इथं काचेच्या मागं एक झगा टांगलेला. एकच. मी पोरीला म्हणलं, "बिचाऱ्याचा माल संपला वाटतं." ती म्हणाली, "माय, हीच फॅशन हाय. जितका माल कमी तितकं दुकान भारी." मी म्हणलं, "मग तुझं दुकान तर लईच भारी असल." हे मी सहज बोलले. तिचा चेहरा उतरलेला पाहून मला वाईट वाटलं.

तिचं गॅरेज मात्र तिनं सुरेख केलं होतं. पांढरा चुना, एक शिलाई मशीन, एक उंच आरसा, दांडीला चार कुडते. तिथल्या रीतीनं दूर दूर टांगलेले. मागं पडदा लावून निजायची जागा. तिनं शिवलेल्या कुडत्यांवरून मी हात फिरवला. शिवण अशी बराबर की उलटा घातला तरी कळू नये.

पण गिऱ्हाईक खरंच नव्हतं. बाया यायच्या. उंच टाचांच्या, काळे चष्मे डोक्यावर ठेवलेल्या, काही गोऱ्या, काही जवळच्या आश्रमातल्या, मरून रंगाचे पायघोळ झगे घातलेल्या. फाटक्या पँटी घालून यायच्या, आणि पोरगी सांगायची की फाटकी पँट चांगल्या पँटीहून महाग असते. आत येऊन कुडत्याला बोट लावायच्या, "नाइस, नाइस" म्हणायच्या आणि निघून जायच्या. फार तर एखादी पँट आखूड करायला टाकायची. पोरगी प्रत्येकीला उभं राहून थँक्यू म्हणायची. गेल्यावर मशीनवर डोकं टेकायची. मी मनात म्हणायची, चला, आपलं काम सोपं झालं. नेऊ घरी. आणि तेच मनात म्हणत तिच्या मानेवरून हात फिरवायची.

घरमालकीण पारशी बाई होती. सत्तरीची, गुडघ्यापर्यंत फ्रॉक घालणारी, मराठी बोलायची पण पुरुषासारखं, "मी येतो, मी जातो" असं. दुसऱ्याच दिवशी, निघायची वाट न बघता, मी तिची ओटी भरायला वर गेले. पोरगी मागं मागं, "माय, राहू दे ना" करत. बाई म्हणाली, "काय आणला?" मी म्हणलं, "ओटी भरते. पदर धरा." आता फ्रॉकला पदर कुठला? तिनं फ्रॉकचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरला, बोरं वेचायला निघालेल्या पोरीसारखा. मी कुंकवाचं बोट उचललं आणि पोरगी माझ्या कानात पुटपुटली, "माय, त्यांचे मालक वारलेत."

हात पुढं गेला होता. पुढं गेलेला हात मागं घेणं मला काही जमलं नाही. लावलं कुंकू. ओटी भरली. ती आरशासमोर गेली, स्वतःकडं बघत राहिली आणि खिदळली. दिवसभर तिनं ते कुंकू पुसलं नाही. संध्याकाळी बाल्कनीतून ओरडून मला दाखवत होती, "बघ, अजून हाय!"

पोरगी म्हणाली, "त्यांचं ठीक हाय. त्या चांगल्या हाईत. पण दुकानात असलं काही करू नको. इथली माणसं येगळी हाईत."

येगळी म्हणजे कशी, हे मला समोरच्या इमारतीच्या वॉचमननं सांगितलं. तो आमच्याच हिंगोलीकडच्या कनेरगाव नाक्याचा निघाला. माझं लुगडं बघूनच त्यानं वळखलं असावं. "कुठची हायस वं मावशी?" म्हणला. हट्ट्याची म्हणल्याबरोबर त्यानं आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः उकिडवा बसला. म्हणला, "मावशी, या गल्लीत राहून मले किती वर्सं झाली. पण आजपावतर कोनं 'जेवला का' म्हनून इचारलं न्हाई. वाईट नाहीत वं. सलाम केला त हात वर करतात. पन इचारत न्हाईत. त्याइलेबी कोनी इचारत न्हाई ना." मग मला कळत गेलं की त्या गल्लीतले ड्रायव्हर, भांडेवाल्या, माळी, निम्मे आपल्याच मुलखाचे. बंगले त्यांचे आणि गल्ली आपली, असं काहीतरी होतं ते.

मग तो दिवस आला. पोरगी दोरे आणि चेन आणायला रविवार पेठेत गेली होती. मला बजावून गेली, "कोणी आलं तर नुसतं हसायचं. बोलायचं न्हाई." एक बाई आली. उंच, सडपातळ, हातात दोरीला पांढरं कुत्रं. घामाघूम झालेली. कुडते बघितले, "नाइस" म्हणाली. मी ठरवल्याप्रमाणे हसले. पण बाई घामाघूम, आणि आपण नुसतं हसायचं? मी आमच्या बाजारच्या हिंदीत म्हणलं, "बैठो ना बाई, धूप में से आये. पानी पिओ."

ती दचकलीच. "नहीं नहीं, मैं तो बस देख रही थी."

"देखो की बाद में. कपडा कहाँ भाग के जाता? बैठो."

बसली. माठातलं पाणी दोन तांबे प्यायली. कुत्र्यालाही दिलं. मग मी विचारलं, घरी कोण कोण, लेकरं किती. तिनं सांगितलं, दोघं परदेशात, मालक सारखे विमानात, घरी ती आणि हे कुत्रं. किती वेळ बसली कोण जाणे. आणि जायला उठली तसा माझा हात आपसूक गाठोड्याकडं गेला. दारात आलेली बाई कोरडी कशी वाटेला लावायची? कुंकू लावलं. म्हणलं, पदर? तर ती पँटवाली. इकडंतिकडं बघितलं आणि तिनं आपली मोठी पर्स उघडून दोन्ही हातांनी पुढं धरली. मी पर्सची ओटी भरली! तांदूळ, सुपारी, हळकुंड, वर एक जांभळा खण. तिच्या मोबाइलवर तांदूळ पडले. तिला काही कळलं नव्हतं, पण मान मात्र तिनं बरोबर खाली घातली होती.

पोरगी आली आणि जमिनीवरचे तांदूळ बघून तिनं कपाळाला हात लावला. "माय! कोणाची भरली?"

"कुत्रंवाली होती एक."

"काहून पण? ते गिऱ्हाईक होतं!"

"गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं? बाईच ना?"

"ती सगळ्याला सांगल, तिथं एक म्हातारी बसती आन् जादूटोणा करती. आधीच कोणी येईना." आणि ती रडायलाच लागली. "तुला मला घरी न्यायचंच हाय ना? ने मग. बंद करते दुकान. औंढ्यावाल्याला हो म्हणून सांग."

मी ज्यासाठी आले होते ते तिनं आपल्या तोंडानं म्हणलं, आणि मला मुळीच गोड लागलं नाही. मी म्हणलं, "उगी. अखाजीला वेळ हाय अजून."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तर त्या बाईची मोटार दारात. पोरीचा चेहरा पांढराफटक. बाई उतरली, पर्समधून जांभळा खण काढला. पोरगी इंग्रजीत सॉरी सॉरी करायला लागली. तर ती बाई म्हणाली, हे सॉरी कशाला? मला फक्त एवढं सांगा, याचं काय शिवायचं असतं? रात्रीपासून विचार करतेय.

आता मला हसू आवरेना. आख्ख्या मराठवाड्यात ओटीचा खण शिवायला टाकणारी बाई मी पाहिली नव्हती. मी सांगणारच होते, अहो बाई, तो शिवायचा नसतो, पुढच्या बाईला द्यायचा असतो. पण पोरीनं माझा हात दाबला. ती त्या खणाकडं टक लावून बघत होती. मग त्या बाईच्या पर्सकडं. मग मला म्हणाली, "माय, पदर धर बरं. ओटी घ्यायला धरतेस तसा."

मी धरला. तिनं टेप घेतला, वाकून माझ्या पदराच्या झोळाचं माप घेतलं. बाईला म्हणाली, उद्या या.

दिवसभर ती मशीनवरून उठली नाही, आणि त्या खणाची तिनं पिशवी शिवली. जांभळ्या खणाला आतून जुन्या चादरीचं अस्तर, तोंडाला पदरासारखी सैल चुणी, खांद्याला लांब पट्टा. खांद्याला लावली की अशी दिसायची जशी बाई पदर पुढं करून उभी आहे. मी म्हणलं, "पोरी, ही तर ओटीच शिवलीस तू." ती दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाली, "व्हय. हितल्या बायकाइला पदर न्हाई ना. म्हणून."

पुढचं काय सांगू! त्या बाईनं ती पिशवी खांद्याला लावून गल्ली फिरवली. कॉफीच्या हॉटेलात नेली. चार दिवसांत दुसरी आली, तिसरी आली. मरून झग्यातली एक गोरी बाई आली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मेरा भी भरो." पोरीनं पाटीवर इंग्रजीत काय काय लिहिलं होतं, पण येणारी विचारायची ती एकच गोष्ट, ती म्हातारी आहे का? म्हणजे मी! मी आल्यागेल्याला "बैठो" म्हणायची, पाणी द्यायची, लेकरंबाळं विचारायची. निघताना पर्समध्ये, ओढणीत, टोपीत, जे असेल त्यात ओटी. परत येताना तोच खण पिशवी शिवायला घेऊन यायच्या, आणि येताना दांडीवरचे कुडतेही घालून बघायच्या. चारही गेले. ज्या गल्लीत कोणी कोणाला विचारत नव्हतं, तिथल्या दोन शेजारणींची वळख आमच्या गॅरेजात झाली. दहा वर्षं भिंतीला भिंत, आणि एकमेकींचं नाव ठाऊक नाही! वॉचमन समोरून ओरडायचा, "मावशी, आज त बस स्टॉप झाला तुह्या दुकानाचा!"

आणि माझं गाठोडं संपत आलं.

तेवढ्यात मालकांचा निरोप आला. अखाजी तोंडावर आली, तुम्ही मायलेकी का येऊन नाही राहिल्या? मी येतो न्यायला. हट्ट्याला तेव्हा आम्ही बोलायचो ते स्टँडजवळच्या एसटीडीच्या दुकानावरून. तिथं एक माणूस बोलतो आणि पाच ऐकतात. मी फोनवर म्हणलं, "या. पण येताना पेटीत उरलेले खण घेऊन या."

"काहून? पोरीची ओटी भरून आणायची का?"

"आणा तर खरं. हितं लई लागून राहिले. पोरगी त्याच्या पिशव्या शिवती आन् मोठाल्या बाया घेऊन जातात."

पलीकडं मालकांनी ऐकणाऱ्यांना जरा सरकायला सांगितलं. मग म्हणाले, "मी येऊन बघतो." आवाजावरून कळलं, मन बदललेलं नव्हतं. पोरीला सांगितलं तशी ती म्हणाली, "बा हितं आले तर मला न्यायलाच येतील ना." मी म्हणलं, "येऊ दे."

ते आले तो दिवस मला आत्ता दिसतो. रिक्षातून आधी एक गाठोडं उतरलं. मग दुसरं. मग तिसरं, सतरंजीत बांधलेलं. मग आमचे मालक. धोतर, पटका, खांद्यावर काळं घोंगडं, आणि चेहरा असा जसा कुणी त्यांना बाजारात लुटलंय.

"हे काय?" मी म्हणलं.

"मला काय इचारतीस? घरून निघालो तव्हा एक पिशवी होती. एसटीडीवाल्याच्या बायकोनं गावभर केलं. स्टँडपर्यंत जातो तर गल्लीतल्या समद्या बाया वाटंवर. 'मामंजी, माझे बी न्या.' 'भावजी, माझ्या पेटीतले बी, नुसते सडून राहिले.' म्या काय हमाल हाव?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनीनं तर आख्खी पेटीच उपडी केली."

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर वारल्यापासून तिच्या ओटीत कोणी काही घातलं नव्हतं, आणि तिनंही कोणाला द्यायचं नव्हतं. पेटी तशीच बंद होती इतकी वर्षं. सतरंजीतलं गाठोडं तिचं. सोडलं तर आत काय एकेक रंग! चिंचेच्या बोटुकासारखा तपकिरी, मोरपंखी, डाळिंबी, बारीक बुट्ट्यांचे, रेशमी काठाचे. पोरगी जमिनीवर बसून एकेक खण गालाला लावत होती. मालक उभ्यानं बघत होते.

त्यांना आम्ही दारातल्या खुर्चीवर बसवलं. दुपारभर ते बसले. बाया आल्या, बसल्या, हसल्या, गेल्या. एकीनं त्यांच्या घोंगड्याला हात लावून विचारलं, हे कुठं मिळेल? मालक ताठ होऊन म्हणाले, "इकायचं न्हाई." ती अजूनच खूश झाली. पारशी बाई खाली उतरली, मालकांच्या समोर उभी राहिली, बोट नाचवत म्हणाली, "तू हिचा बाप? मुलगीला घेऊन जायचा नाय हां. आता कुठे मजा यायला लागला." आयुष्यात आमच्या मालकांना असं कोणी बोललं नव्हतं. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले, ही बाई आहे का बुवा, अशा नजरेनं.

दिवे लागायच्या सुमारास गर्दी ओसरली. मालक खाकरले. आता विषय निघणार, हे मला कळलं. पोरीलाही कळलं. तिनं मशीन थांबवलं नाही.

"बाई," मालक पोरीला म्हणाले, "औंढ्याची माणसं वाट पाहून राहिली. त्याइला काय सांगू?"

पोरीचा पाय थांबला. ती वळून म्हणाली, "बा, मी तुमच्यासंगं मेंढरं राखलीत. कळपाला चारा लागत न्हाई तव्हा तुमी एका जाग्याहून दुसऱ्या जाग्याला नेता. बराबर?"

"व्हय."

"आन् एकदा चांगला चारा लागला, मेंढरं मुंडी खाली घालून चरायला लागली, तर तुमी उठवता का?"

मालकांनी पटका काढला, डोकं खाजवलं, परत घातला. बाहेरच्या वडाकडं बघत बसले. मी मध्ये एक शब्द टाकला नाही, आणि माझ्यासारखीला ते किती अवघड, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

मग ते म्हणाले, "उठवीत न्हाई." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच ठरवल्यासारखं, "सांगतो त्याइला. पोरगी बघायची असल तर हितं येऊन बघा म्हणावं. कोरेगाव पार्कात."

पोरगी मशीनवरून उठून त्यांच्या पायाशीच बसली. मी पाणी आणायच्या निमित्तानं पडद्यामागं गेले आणि डोळे पुसले.

औंढ्याचे लोक काही आले नाहीत. त्यांना एवढ्या लांब येणं परवडलं नसावं. पुढं पोरीनं आपलं आपण चांगलं माणूस बघितलं, ती गोष्ट निराळी. गॅरेजाच्या शेजारची खोलीही नंतर पारशी बाईनं तिला दिली. मी जायची तेव्हा दर खेपेला गल्लीत नवीन हॉटेल, नवीन काच, कुत्री बदललेली. खण मात्र हट्ट्याहून जातच राहिले. आणि जाऊबाईनं पेटी रिकामी केली त्या सालापासून मी तिची ओटी दर सणाला भरते. पहिल्यांदा ती मागं सरली. मी म्हणलं, "पुण्याच्या फ्रॉकवालीनं घेतली, तुला काय झालं?" तशी हसून तिनं पदर धरला.

पण त्या वेळचं निघणं सांगायचं राहिलं. आम्ही दोघं गावाला निघालो. मी पायात चपला घातल्या, पिशवी उचलली, तर पोरगी म्हणाली, "माय, थांब." तिनं हळदी-कुंकवाचा करंडा काढला. तांदूळ काढले. जाऊच्या गाठोड्यातला डाळिंबी खण काढला. आणि त्या गॅरेजाच्या उंबरठ्यावर उभी राहून म्हणाली, "पदर धर."

लेक सासरी जाते तेव्हा आपण तिची ओटी भरतो. घर आपलं असतं, जाणारी ती असते. इथं जाणारी मी होते. घर तिचं होतं. मी पदर धरला, आणि समोरचा वॉचमन, पारशी बाई, कुत्रंवाली बाई, सगळे बघत असताना माझ्या लेकीनं माझी ओटी भरली.

मालकांच्या खांद्याला तिनं एक पिशवी अडकवली. गुलाबी, मोठाल्या बुट्ट्यांची. मला वाटलं, काढून ठेवतील. त्यांनी काढली नाही. वसमतहून हट्ट्याला जाणाऱ्या गाडीत कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, "मामा, पिशवी मामीची घेतली वाटतं खांद्याला."

मालक उभे राहिले. गाडीत बसायला जागा होती, तरी उभे राहिले, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

"मामीची न्हाई," ते मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्या पोरीच्या दुकानातली हाय. कोरेगाव पार्कातल्या. इचार कोणालाबी."